घाऊकात गेलेलं लक्ष

संजीवनी ओळखता येईना, म्हणून मारुतीने अख्खा द्रोणागिरी उचलला. त्याचा एक तुकडा वाटेत उरणजवळ पडला, असं या भागात सांगतात. करंजाजवळचा डोंगर, त्यावरचा किल्ला आणि आता सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा नोड, सगळ्यांचं नाव तेच. निवडत न बसता सगळंच उचलायचं, ही कृती ‘एन्ग्रॉस’ या इंग्रजी क्रियापदाच्या मुळाशी आहे. आज त्याचा रोजचा अर्थ चित्त पुरतं गुंतवून टाकणं एवढाच. पण ते आलंय बाजारातून.

फ्रेंच भाषेत ‘आँ ग्रो’ म्हणजे घाऊक. किराणावाला ‘ग्रोसर’ही त्याच कुळातला, मूळचा घाऊक व्यापारी. जुन्या इंग्लंडमध्ये एन्ग्रॉस करणं म्हणजे पुढे चढ्या भावाने विकण्यासाठी धान्य एकट्यानेच उचलणं. १५५२ साली त्याविरुद्ध कायदा झाला, कारण साठा एकाकडे गेला की दुसऱ्याची चूल विझत असे. दस्ताची पक्की प्रत मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिण्यालाही हेच क्रियापद होतं. घाऊक घेणं आणि कागदावर पक्कं करणं, दोन्ही एकाच शब्दात.

उरणच्या माणसाला हे दोन अर्थ शब्दकोशात शोधावे लागत नाहीत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनात आली. हेतू नगररचनेचा होता, साठेबाजीचा नव्हता, हे मान्यच करायला हवं. पण भातशेती आणि मिठागरं एकेक पारखून घेतली गेली नाहीत, गावंच्या गावं अधिसूचनेत आली. ज्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं, त्यावर दुसरं नाव चढलं.

इंग्लंडमध्ये पुढे साठेबाजाची भीती ओसरली. १७७२ मध्ये जुने कायदे रद्द झाले. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथने तर ही भीती चेटकिणीच्या भीतीइतकीच निराधार ठरवली: भाव चढवणारा व्यापारीच धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरवतो, असा त्याचा युक्तिवाद. उरलेसुरले गुन्हे १८४४ मध्ये मोडीत निघाले. तोवर शब्द माणसांकडे वळला होता. मैफलीत एकटाच बोलत राहणारा संभाषण ‘एन्ग्रॉस’ करू लागला, आणि अठराव्या शतकात तो शब्द लक्षालाही लागला. धान्यापुरता त्यात गुन्ह्याचा वास होता. मनापर्यंत पोचल्यावर ती स्तुती झाली.

मला हे वळण फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे लक्षाचा व्यवहार वेगळा होता. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि त्या बदल्यात सुखाची ग्वाही देतात. म्हणजे अवधान श्रोत्याच्या मालकीचं. त्याने ते द्यायचं, आणि देण्याआधी मागणाऱ्याने हात जोडायचे. कीर्तनात माणूस रंगतो तेव्हाही तो स्वतःहून तिथे बसलेला असतो, उठून जाण्याची वाट मोकळी असते.

१९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमनने मांडलं की माहिती वाढली की ती ज्याच्यावर पोसली जाते ते लक्ष कमी पडू लागतं. म्हणजे लक्ष पुन्हा बाजारातला तुटवड्याचा माल झालं. नेरूळ-उरण लोकलमध्ये हातातला पडदा बोटाने सरकत राहतो तेव्हा कुणी अवधान मागत नाही. किती मिनिटं गेली याची नोंद पलीकडे होते, आणि ती मिनिटं जाहिरातदाराला घाऊकात विकली जातात. तल्लीन झाल्याची खूण म्हणून मी हे स्वीकारू शकत नाही. १५५२ च्या कायद्याचा प्रश्न इथे पुन्हा विचारायला हवा: इकडे साठा झाला, तर तिकडे कुणाला कमी पडलं? शेजारी बसून शाळेतलं काही सांगू पाहणाऱ्या मुलाला पडलं.

जमिनीबाबत हाच प्रश्न उरणने आधी विचारला होता: जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तालुक्यातले शेतकरी संपादनाच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. त्या शेतकऱ्यांना आपलं काय गेलं हे ठाऊक होतं. बांध कुठून कुठवर होता, हे त्यांना पाठ होतं. लक्षाला बांध नाही, त्याची मोजणी आज फक्त घेणाऱ्याकडे आहे. म्हणून पहिली मागणी त्या मोजणीचीच असली पाहिजे: आमच्या घरातल्या कुणाची किती मिनिटं कुठे गेली आणि काय भावाने, हा उतारा आमच्या हातात द्या.