मुदत संपली, मग नेमकं काय संपलं?

वॉरंटीचं गणित मला कायम गमतीशीर वाटत आलंय. वर्षाच्या शेवटच्या रात्री बारा वाजायच्या आत वस्तू बंद पडली, तर ती कंपनीची चूक. बारा वाजून एक मिनिटानं पडली, तर ते तुमचं नशीब. वस्तू तीच, बिघाड तोच, आतला तुटलेला जोडही तोच. मधे फक्त तारीख बदलली. मग प्रश्न असा की तारीख बदलल्यावर पैशांचा हिशोब बदलतो हे ठीक, पण जबाबदारीही बदलते का?

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाही, कारण माझा गेमिंग कन्सोल चौदाव्या महिन्यात गेला. लाइट लागायचा, पंखा फिरायचा, पण टीव्हीवर चित्र येईना. पडलेला नाही, भिजलेला नाही, मोकळ्या रॅकवर ठेवलेला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीनं बिलावरची तारीख पाहिली आणि मशीन न उघडताच सांगितलं, "सर, आउट ऑफ वॉरंटी आहे. आम्ही रिपेअर करत नाही, बदलून देतो. साडेसोळा हजार होतील." बदलून मिळणार होता तोही दुरुस्त केलेला जुनाच, वर नव्वद दिवसांची वॉरंटी. तिचा राग यायचं कारण नव्हतं. तिच्या हातात एक तक्ता होता आणि त्या तक्त्यात दोनच रकाने होते: मुदतीत आणि मुदतीबाहेर.

कंपनीच्या बाजूनंही विचार करायला हवा. मशीनमधले भाग झिजतात. कंट्रोलरच्या काडीखाली कार्बनचा पट्टा असतो, त्यावर सतत घासून तो पट्टा झिजतो आणि मग आपण हात लावलेला नसतानाही पडद्यावरचा गडी चालायला लागतो. कुठलाच कारखाना कुठल्याच वस्तूची जन्मभराची हमी देऊ शकत नाही. आणि एका वर्षाच्या हमीचे पैसे किमतीत धरलेले असतात. दोन वर्षांची हवी असेल तर किंमतही वाढेल. हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय: प्रत्येक बिघाड म्हणजे झीज.

तसं नसतं. बिघाड तीन प्रकारचे असतात. एक वापरानं आलेला. दुसरा अपघाताचा, म्हणजे वीज वरखाली झाली, लहान भावानं पाणी सांडलं. तिसरा जन्मजात: वस्तू कारखान्यातून निघाली तेव्हाच तो आत होता, फक्त दिसायला चौदा महिने लागले. पहिल्या दोन्हींची मुदत बिलापासून मोजणं समजू शकतं. तिसरा मात्र वॉरंटी संपल्यावर झालेलाच नाही. तो वॉरंटी सुरू व्हायच्या आधीचा आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एक्सबॉक्स ३६०चं. २००५च्या नोव्हेंबरात तो बाजारात आला आणि थोड्याच काळात लोकांच्या मशीनवर तीन लाल दिवे लागायला लागले. आतल्या भागांचे जोड गरम-थंड होऊन तुटत होते. अमेरिकेत सुरुवातीला वॉरंटी होती ९० दिवसांची. ती आधी वर्षाची झाली आणि जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टनं या बिघाडापुरती तीन वर्षांची केली. आधी ज्यांनी खिशातून पैसे भरले होते त्यांना ते परत केले. त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. निन्टेंडो स्विचच्या कंट्रोलरचंही असंच झालं. काडी भरकटण्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा २०२३मध्ये युरोपात हा दोष वॉरंटीनंतरही फुकट दुरुस्त करून द्यायचं कंपनीनं मान्य केलं.

हे कंपन्यांच्या चांगुलपणाचे दाखले म्हणून सांगत नाहीये. दबाव होता, बदनामी होती. मुद्दा वेगळा आहे: तारीख हा काही निसर्गनियम नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांनाच ती मागेपुढे करता येते.

आपल्याकडचा कायदाही याबाबतीत आपल्याला वाटतो तितका कोरडा नाही. उसने दिलेले पैसे वसूल करायचे तर साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो, असं १९६३चा मुदतीचा कायदा सांगतो. मुदत उलटली की कोर्टाचं दार बंद. पण कर्ज? ते बुडत नाही. कायद्याचं जुनं तत्त्व असं की मुदतीनं वसुलीचा मार्ग बंद होतो, देणं पुसलं जात नाही. म्हणूनच मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी वचन सही करून दिलं, तर १८७२चा करार कायदा ते वचन वैध मानतो. वॉरंटीची मुदत आणि ही मुदत एक नव्हेत, हे खरं. पण यातली समज मला मोलाची वाटते. मुदत भांडणं कधीतरी मिटावीत म्हणून असते. देणं खोटं ठरवायला नसते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ बघा. त्यात 'दोष' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वॉरंटीच्या तारखेचा उल्लेख नाही. दोष मुळातला होता हे मात्र दाखवावं लागतं, गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. इंग्लंडमध्ये २०१५चा ग्राहक हक्क कायदा तर टिकाऊपणा हा दर्जाचाच भाग मानतो.

मी कंपनीला दोन मेल लिहिले. फुकट द्या असं म्हटलं नाही. मशीन उघडून बघा आणि हा बिघाड याच मॉडेलमध्ये आणखी किती जणांना आला ते सांगा, एवढंच विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही. "सद्भावना म्हणून" पंचवीस टक्के सूट मात्र आली. हा शब्द मला पैशांपेक्षा जास्त लागला. सद्भावना म्हटलं की हक्काचा उपकार होतो. विचारणारा याचक ठरतो आणि मूळ प्रश्न, म्हणजे दोष होता की नव्हता, हळूच गायब होतो.

एका मित्रानं तोवर दुसरा रस्ता सुचवला. "नवीन ऑनलाइन मागव, त्या खोक्यात जुना भर आणि रिटर्न मार. कंपनीला काय फरक पडतो?" मोह झाला नाही असं नाही. पण हिशोब मांडून पाहिला. तो डबा फिरत फिरत कुणाकडे जाईल? कदाचित एखाद्या छोट्या विक्रेत्याच्या गळ्यात पडेल, कदाचित पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरी. आणि दुसरं: कंपनी तारखेच्या आड लपते अशी माझी तक्रार असेल, तर रिटर्नच्या दहा दिवसांच्या आड मी कसा लपू? नियमात बसतं आणि बरोबर असतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेच तर मला कंपनीला सांगायचं होतं. ते माझ्या सोयीपुरतं खरं असून चालणार नाही.

शेवटी तो तपकीर गल्लीतल्या एका दुकानात दुरुस्त झाला. कारागिरानं भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, चित्राचा आयसी गेलाय. ह्या मॉडेलला हेच होतं." मग त्यानं ड्रॉवरमधून एक डबी काढली. त्यात तेच आयसी होते, वीस-पंचवीस. मला उत्तर मिळालं. जो बिघाड अपवाद असतो, त्याचे सुटे भाग कुणी डबी भरून ठेवत नाही. अठ्ठावीसशे रुपये घेतले. पावती मागितली तर म्हणाला, "तीन महिन्यांत परत गेलं तर घेऊन या. माझ्या हातचं काम आहे."

'माझ्या हातचं काम' या तीन शब्दांत मला जबाबदारीची चांगली व्याख्या सापडते. त्यानं ते मशीन बनवलं नव्हतं. जेवढं त्याच्या हातून झालं तेवढ्याचीच हमी त्यानं घेतली, पण ती घेतली. तीन महिन्यांची मुदत त्यानंही घातली, आणि त्यात गैर काही नाही. मुदत घालणं गैर नसतंच. मशीन उघडून न बघता फक्त तारीख बघणं गैर आहे.

म्हणून तुमची एखादी वस्तू मुदतीनंतर बंद पडली, तर 'वॉरंटी आहे का' इथंच थांबू नका. काय तुटलं, ते कशानं तुटलं, आणि हे इतरांचंही तुटतंय का, हे विचारा. उत्तर लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर जवळ ठेवा. कदाचित पैसे मिळतील, कदाचित नाही. पण झीज असेल तर ती मुकाट्यानं मान्य करा, आणि जन्मजात दोष असेल तर त्याला नशीब म्हणू नका.