दुसरी गोळी

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या. वय ७४. हिरड्यांतून रक्त येतं, एवढीच तक्रार. नाडी बघायला हात धरला तर बांगड्यांच्या खाली, मनगटाभोवती काळेनिळे डाग. "पडलात का कुठे?" विचारलं, तर म्हणाल्या, "नाही हो, बांगडी घासली तरी डाग उठतोय." मग पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. स्प्रिंग बसवली तेव्हापासून रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू होत्या. स्प्रिंग बसवून नऊ वर्षं झाली होती. दुसरी गोळी बंद करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचार करून चालू ठेवा असंही कुणी सांगितलं नव्हतं. एका चिठ्ठीवरून पुढच्या चिठ्ठीवर ती नुसती उतरत आली होती.

अँजिओप्लास्टी करून स्प्रिंग बसवलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतो: डॉक्टर, ही दुसरी गोळी कधीपर्यंत? प्रश्न चार शब्दांचा, पण त्याचं उत्तर माझ्या वैद्यकीच्या काळातच अनेकदा बदललं. आणि या बदलांच्या वाटेवर एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो, मिलानचे कार्डिऑलॉजिस्ट अँटोनियो कोलंबो. त्यांचे शोधनिबंध मी सालवारीनं वाचले आहेत. कठीण ठिकाणी जाळी, म्हणजे आपण जिला स्प्रिंग म्हणतो ती, बसवण्याची त्यांची हातोटी जगभर नावाजली गेली. मला मात्र ते मोठे वाटतात ते, आपल्याच निष्कर्षाला त्यांनी दर काही वर्षांनी नव्यानं प्रश्न विचारला म्हणून.

थोडं मागं जायला हवं. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी एका ३८ वर्षांच्या माणसाची हृदयाची रक्तवाहिनी पहिल्यांदा फुग्यानं उघडली. फुग्यानं उघडलेली वाहिनी कधी तिथल्या तिथं मिटायची, कधी काही महिन्यांनी पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून १९८६ मध्ये तुलूझला झाक प्युएल आणि लोझानला उलरिख सिग्वार्ट यांनी आत धातूची जाळी ठेवून पाहिली. भिंतीला टेकू मिळाला, पण धातू रक्तात आला. १९९१ मध्ये पॅट्रिक सेरुईस आणि सहकाऱ्यांनी या पहिल्या जाळ्यांचा हिशेब मांडला: १०५ रुग्णांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्यात जाळी पूर्ण बंद पडलेली.

घाबरलेल्या डॉक्टरांनी तेव्हा हाताशी होतं ते सगळं वापरलं. हेपॅरिन, डेक्स्ट्रान, ॲस्पिरिन, डायपिरिडामोल आणि घरी जाताना वॉरफरिन. १९९४ च्या बेनेस्टेंट अभ्यासात जाळीनं वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २२ वर आणलं, पण तिची किंमतही त्याच कागदावर दिसते. जाळीवाल्या रुग्णाचा मुक्काम सरासरी साडेआठ दिवस, नुसत्या फुग्यावाल्याचा तीन. मधले दिवस बरेचसे रक्तस्राव सांभाळण्यात आणि वॉरफरिनचा डोस बसवण्यात जायचे.

कोलंबोंनी इथं वेगळाच प्रश्न विचारला. गुठळी होते ती रक्त दाट म्हणून, की जाळी नीट उघडलेलीच नसते म्हणून? अँजिओग्राफीत दिसते ती वाहिनीची सावली. भिंतीवर पडलेल्या सावलीवरून छत्री पूर्ण उघडली आहे की एक काडी आत मुडपली आहे, हे जसं सांगता येत नाही, तसंच हे. त्यांनी वाहिनीच्या आतून सोनोग्राफी करणारी नळी घातली आणि पाहिलं, तर पडद्यावर उत्तम दिसणाऱ्या बहुतेक जाळ्या आतून अर्धवट उघडलेल्या होत्या. कुठं तार भिंतीपासून सुटलेली, कुठं मधला भाग दबलेला. रक्त त्या फटींतून घुटमळत जाणार, मग गुठळी होणारच. त्यांनी फुगा पुन्हा आत घातला आणि मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाबानं फुगवला, जाळी भिंतीला पुरती चिकटेपर्यंत. १९९५ मध्ये त्यांच्या गटानं ३५९ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जाळी नीट बसल्याची खात्री पटलेल्यांना वॉरफरिन दिलंच नाही, टिक्लोपिडिन किंवा ॲस्पिरिनवर भागवलं. गुठळीचं प्रमाण शेकडा दोनाच्याही खाली राहिलं. सगळं जग औषध वाढवत होतं तेव्हा हा माणूस म्हणत होता, आधी काम नीट करा, मग औषध कमी करा. वैद्यकात असं म्हणायला छाती लागते.

पण हे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं १९९६ मध्ये म्युनिकहून आलं. आल्बर्ट शोमिग यांच्या गटानं ५१७ रुग्णांत सरळ तुलना केली. एका बाजूला वॉरफरिनच्या जातीची औषधं, दुसऱ्या बाजूला ॲस्पिरिनबरोबर टिक्लोपिडिन. पहिल्या गटात ५.४ टक्के जाळ्या बंद पडल्या, दुसऱ्यात ०.८ टक्के. म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीच्या शत्रूशी लढत होतो. वॉरफरिन यकृतात तयार होणारे गुठळीचे घटक कमी करतं, तर धातूच्या तारेवर पहिल्यांदा जाऊन चिकटतात त्या प्लेटलेट. ॲस्पिरिन त्यांची एक वाट अडवतं, टिक्लोपिडिन दुसरी. दोन्ही वाटा अडवल्या तर तार शांत राहते. पुढं टिक्लोपिडिनमुळं काहींच्या पांढऱ्या पेशी घटू लागल्या आणि त्याची जागा क्लोपिडोग्रेलनं घेतली. हीच ती दुसरी गोळी.

आपण तिला 'रक्त पातळ व्हायची गोळी' म्हणतो. मीही पेशंटशी बोलताना तेच म्हणतो, दुसरा शब्द नाही. पण रक्त पातळ होत नाही, प्लेटलेटचा चिकटपणा जातो. हा भेद सांगायला हवा, कारण त्यातूनच पुढचं कळतं. प्लेटलेट एकदा या औषधानं निकामी झाली की मरेपर्यंत निकामीच राहते, आणि तिचं आयुष्य सात-दहा दिवसांचं. गोळी बंद केल्यावर रोज थोड्या नव्या, चिकट प्लेटलेट रक्तात येत राहतात. धोका बंद केल्या दिवशी समोर येत नाही. तो आठवड्यानं येतो, माणूस निर्धास्त झाल्यावर.

मग औषध लावलेल्या जाळ्या आल्या. त्यातलं पहिलं औषध सिरोलिमस, ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. ते शोधणारे सुरेंद्रनाथ सेहगल खुशाबला जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या कंपनीनं माँट्रियालची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. २००२ च्या रॅव्हेल अभ्यासात या जाळीत वाहिनी पुन्हा अरुंद झाली असा एकही रुग्ण निघाला नाही, साध्या जाळीत २६ टक्क्यांहून अधिक निघाले. सगळे हरखून गेले. पण जे औषध जखमेचा व्रण वाढू देत नाही, ते तारेवर नवं अस्तरही लवकर धरू देत नाही. साधी जाळी महिन्याभरात झाकली जाते, ही महिनोन्महिने उघडी राहू शकते. २००५ मध्ये कोलंबोंच्या गटानं जर्मन सहकाऱ्यांबरोबर २,२२९ रुग्णांचा नऊ महिन्यांचा हिशेब दिला. २९ जणांना जाळीत गुठळी झाली, त्यांतले १३ दगावले. सगळ्यात मोठं कारण निघालं गोळी वेळेआधी बंद करणं.

हा निबंध मी वाचला तेव्हा उशीर झाला होता. माझे एक पेशंट, निवृत्त गुरुजी, जाळी बसवून पाच महिने झालेले. दाढ काढायची म्हणून त्यांना दोन्ही गोळ्या बंद करायला सांगितलं गेलं. दाढ निघाली. गोळ्या 'थोडं बरं वाटल्यावर' सुरू करायच्या राहिल्या. नवव्या दिवशी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि गाडी घाट उतरायच्या आत ते गेले. नंतर त्यांच्या मुलानं फाईल आणली. डिस्चार्ज कार्डावर गोळीचं नाव होतं, सकाळ-संध्याकाळ होतं, कधीपर्यंत हे कुठंच नव्हतं. त्या पाच महिन्यांत ते कार्ड मी तीनदा हातात धरलं होतं.

२००६ च्या सप्टेंबरात बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत औषध लावलेल्या जाळ्यांवरून गदारोळ झाला. त्यानंतर वर्षभर दोन गोळ्या हा दंडक झाला आणि भीतीपोटी पुष्कळांनी वर्षाचं कायम करून टाकलं. कोलंबोंचं वेगळेपण मला इथं दिसतं. गोळी बंद करण्याचा धोका ज्यांनी आकड्यांत दाखवला, त्यांच्याच गटानं २००७ मध्ये ३,०२१ रुग्ण पाहून सांगितलं की हा धोका पहिल्या सहा महिन्यांतला आहे, त्यानंतर गोळी थांबवण्याशी गुठळीचा तसा संबंध दिसत नाही. २०१४ मध्ये त्यांनी पातळ तारांच्या नव्या जाळ्यांवर सहा महिने विरुद्ध बारा महिने अशी चाचणीच घेतली. १,३९९ रुग्ण. सहा महिने कमी पडले नाहीत. या चाचणीत ठरवलेल्या संख्येआधीच भरती थांबली, हे तिचं उणेपण खरं आहे. त्याच वर्षी अमेरिकेतून जवळजवळ दहा हजार रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यात तीस महिने गोळी घेणाऱ्यांत जाळीतल्या गुठळ्या कमी झाल्या, पण रक्तस्राव वाढले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की उमगतं, प्रश्न जाळीपासून सरकून माणसापाशी आला आहे. मधुमेही, लांबलचक जाळी बसलेला ५० वर्षांचा माणूस आणि हिरड्यांतून रक्त येणाऱ्या ७४ वर्षांच्या आजी यांना एकच मुदत कशी लागू पडेल?

आजींच्या कार्डिऑलॉजिस्टना मी त्यांच्यासमोरच फोन लावला. बोलता बोलता २०२१ चा कोरियातला अभ्यास निघाला. जाळीनंतरचा ठरलेला काळ निर्धोक पार पडलेल्या पाच हजारांवर लोकांना एकच गोळी ठेवली, निम्म्यांना ॲस्पिरिन, निम्म्यांना क्लोपिडोग्रेल. क्लोपिडोग्रेलवाल्यांना हृदयाचे त्रासही कमी झाले आणि रक्तस्रावही. आजींना ॲस्पिरिननं पित्ताचा त्रास जुनाच होता. दोघांचं एकमत झालं.

"म्हणजे पहिलीच बंद?" आजींनी विचारलं. "मी दुसरीच सोडायची म्हणून आले होते."

पहिली पट्टी मी बाजूला काढली. दुसरी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि कार्ड पुढं केलं. "मोठ्या अक्षरात लिहा. कुठली, आणि कधीपर्यंत." मी जाड पेननं गोळीचं नाव लिहिलं, त्याखाली लिहिलं: 'कायम. मला विचारल्याशिवाय बंद करू नये, दात काढायचा असला तरी.' आणि तारीख घातली.