‘कोविडमुळे उशीर’ हे कारण मी खोडलं आहे

वह्या उघडा. काल सेमिनारमध्ये तुम्ही २०२० सालची केस मांडलीत. तेरा वर्षांच्या मुलाचं एक वृषण काढून टाकावं लागलं आणि त्याचं कारण तुम्ही एका ओळीत उरकलंत: कोविडमुळे उशीर. ती ओळ मी खोडली आहे.

वृषणाला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक वाचतात. २४ तास उलटल्यावर क्वचितच एखादं. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. मग त्या लेकराचे तास का नाही मोजलेत? पहाटे तीनला दुखायला लागलं. लाजेपायी आईला सांगितलं, पोटात दुखतंय. दोन उलट्या झाल्या, ओव्याचं पाणी झालं. अकराला डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ॲसिडिटीचं औषध देऊन घरी धाडलं. संध्याकाळी सूज दिसली, तर अँटिबायोटिक! दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिळाली. रस्ता आणि नाकाबंदी मिळून चार तास. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचल्यावर आरटी-पीसीआरच्या रिपोर्टसाठी आणखी एक रात्र. यातले टाळेबंदीचे तास किती आणि डॉक्टरांचे किती, सांगा बरं.

रस्त्याचे हाल मला ठाऊक आहेत. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी २० ऑगस्ट २०२० पर्यंत बंद होती. किनवटची माणसं एरवी उपचाराला आदिलाबाद गाठतात, देगलूर-बिलोलीची निजामाबाद. राज्याची सीमा बंद झाली आणि तो आधार तुटला. उरलं विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय, नाहीतर लातूरला विलासराव देशमुख संस्था, आणि दोन्हीकडे कोविडचे वॉर्ड भरलेले. मायबाप दवाखान्याच्या पायरीला भीत होते. पुण्या-मुंबईतच काय, अमेरिकेतही त्या महिन्यांत अशी मुलं उशिरा पोचली. हे सगळं खरं. पण अकरा वाजता तो मुलगा डॉक्टरसमोर बसलेला होता! तिथं कुठली नाकाबंदी होती?

मुलगा पोट दुखतंय म्हणाला तरी चड्डी उतरवून तपासायचंच. पडदा ओढा, वडिलांना किंवा मामाला जवळ उभं करा, त्याला आधी सांगा, मग हात लावा. मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवलं की निरोगी बाजूचं वृषण वर सरकतं. पीळ पडलेलं सहसा हलत नाही, वर चढून आडवं झालेलं असतं. सरकलं म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. याला एक मिनिट लागतं, यंत्र लागत नाही. शंका आली की फोन उचला आणि पाठवा. सोनोग्राफीवाला उद्या येणार म्हणून थांबायचं नाही. आणि त्या वेळच्या रिपोर्टचं म्हणाल तर रुग्णाला पॉझिटिव्ह धरून, पीपीई घालून ऑपरेशन करायचं होतं. स्वॅब नंतरही तपासता आला असता.

दुसऱ्या बाजूचं वृषणही टाके घालून बसवायचं असतं, हे तुमच्या केसपेपरात कुठंच नाही. एकच उरलेल्या मुलाच्या बाबतीत ही चूक अक्षम्य आहे.

त्याच काळातला दुसरा केसपेपर बघा: नवजात मुलाची लघवी थेंबथेंब होते, पोटाखाली मूत्राशय हाताला लागतं, आणि लिहिलंय ‘साथ ओसरल्यावर दाखवा’. मूत्रमार्गात पडदा असला तर त्या बाळाच्या किडन्या साथ ओसरायची वाट पाहत नाहीत. बारीक फीडिंग ट्यूब घालून लघवी मोकळी करा आणि त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकाकडे पाठवा. मे महिन्यात खडा अडकून लघवी तुंबलेलं लेकरू आलं, तर त्यालाही त्याच दिवशी पाठवायचं.

पुढच्या आठवड्यात तुमच्यातले काही नेमणुकीवर मुखेडला जातील, काही उदगीरला. त्याआधी ती केस पुन्हा लिहून आणायची. डाव्या बाजूला तास, उजव्या बाजूला त्या तासात मुलगा कुणासमोर होता आणि त्यानं काय केलं. सोमवारी सकाळी आठला, वॉर्डात.