चष्मा घरी, अहंकार बरोबर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या गुरुवारचे चिंतन आमच्याच फजितीवरून. हसू आले तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या दत्तजयंतीला कुक्षीत एका गुरुबंधूंच्या घरी जन्मोत्सव होता. श्रीगुरुचरित्राचा चौथा अध्याय वाचायची सेवा आमच्याकडे. तिन्हीसांजेची वेळ, पाळणा सजलेला, सगळ्यांच्या हातात फुले, सुंठवडा तयार. आम्ही पोथी उघडली, खिशात हात घातला, तर चष्मा नाही!

तेव्हाच सरळ म्हणायचे होते, "चष्मा विसरलो, दुसऱ्या कुणी वाचा." पण वर्षानुवर्षे वाचणारे आम्ही! "पाठच आहे" म्हणालो आणि सुरू केले. चार ओव्या ठीक गेल्या, मग जीभ अडखळली. अंदाजाने पान उलटले आणि एकदम जन्मावरच येऊन पोचलो. फुले उधळली, शंख वाजला, पाळण्याची दोरी ओढली गेली. इतक्यात एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "आबा, ते तिघे अजून भिक्षा मागायला आलेच नाहीत नं! मग दत्तबाप्पा कसा जन्मला?"

सगळे घर हसले. यजमानांच्या चिरंजीवांनी अध्याय पहिल्यापासून वाचला आणि महाराजांचा जन्म दुसऱ्यांदा झाला!

इथवर गंमतच होती. खरी चूक पुढे घडली. आमचे कान तापले होते. सर्वांदेखत सूनबाईला बोललो, "पिशवीत चष्मा ठेवायला सांगितलं होतं ना?" सांगितलेच नव्हते. ती एक शब्द बोलली नाही. मान खाली घालून सुंठवडा वाटायला उठली. रात्री घरी येऊन पाहतो तर चष्मा देव्हाऱ्यापाशी. सकाळी आम्हीच ठेवला होता, तिथेच.

त्या रात्री झोप लागेना. जो अध्याय वाचायला बसलो होतो, तो सांगतो काय? अनसूयामातेच्या दारी तिन्ही देव अतिथी होऊन आले आणि नको ती अट घातली. केवढा तो पेच! अट मानावी तर लाज जाते, अतिथी विन्मुख पाठवावा तर धर्म जातो. पण मातेने आकांत केला नाही, कुणाला बोल लावला नाही. निर्मळ मनाने उभी राहिली, आणि देवांची बाळे झाली. आमच्यावर तर नुसता चष्म्याचा प्रसंग! तेवढ्यात आम्ही खोटेही बोललो आणि लेकीसारख्या सुनेचा अपमानही केला.

आपल्या कुक्षी तालुक्यातल्या चिखलद्याला, नर्मदामाईच्या काठी, प. प. टेंबे स्वामींनी चातुर्मास केला होता. दंड-कमंडलू घेऊन पायी फिरणारा तो संन्यासी. जवळ काही ठेवलेच नाही, तर विसरणार काय? आपण संसारी माणसे. चष्मा, किल्ली, पाकीट, मोबाईल, काहीतरी राहणारच. वस्तू विसरणे हा वयाचा धर्म आहे, त्यात पाप नाही. पण आपली विसर दुसऱ्याच्या माथी मारणे, हे पाप आहे.

पुढच्या गुरुवारी त्याच घरी, त्याच मंडळींसमोर आम्ही सूनबाईची माफी मागितली. "चष्मा मीच विसरलो होतो, पोरी. तुझी काही चूक नव्हती." चारचौघांत दुखावले, मग माफीही चारचौघांतच मागायला हवी. तिच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "असू द्या, बाबा." आता आमच्या पिशवीत एक जुना चष्मा कायम असतो. तो तिनेच ठेवला आहे.

या आठवड्याची सेवा एवढीच: घरात काही विसरले, हरवले, सांडले, तर पहिले वाक्य "कुणी केलं?" हे नको. "माझ्याकडून राहिलं असेल," असे म्हणून बघा. आणि कुणाला उगाच बोललो असलो, तर आजच, जेवणाआधी, त्याची माफी मागा. नामस्मरण त्यानंतर अधिक गोड लागेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥