पहिल्या प्रयोगाला जागा द्या

डिसेंबरचा शेवटचा आठवडा वसईत मोठ्या धावपळीचा असतो. अंगणांतले नाताळचे गोठे अजून उतरलेले नसतात, शाळांना सुट्टी असते आणि वसई तालुका कला-क्रीडा महोत्सवाकडे मुलांचे घोळके निघालेले असतात. तीन दशकांहून अधिक काळ हा महोत्सव भरतो आहे. नाच, गाणं, एकांकिका, वक्तृत्व, चित्रकला, कबड्डी, धावण्याच्या शर्यती, सगळं त्याच काही दिवसांत. मुंबईच्या कुशीत असूनही स्वतःच्या मैदानावर स्वतःच्या मुलांसाठी एवढा मोठा उत्सव इतकी वर्षं टिकवणारी गावं फार नाहीत. वसईकरांना त्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे.

या अभिमानात मीही सहभागी आहे. म्हणूनच या महोत्सवाकडे, आणि वसई-विरारमध्ये वर्षभर भरणाऱ्या लहानमोठ्या सगळ्याच महोत्सवांकडे, एक मागणी मांडावीशी वाटते. इथल्या कलावंतांनी केलेलं, याआधी कुणीही न पाहिलेलं असं काम तिथे दरवर्षी दिसलं पाहिजे. नवं नाटक, नवी चाल, नव्याने बसवलेला नाच, बोलीत लिहिलेली नवी कथा. आज व्यासपीठावर जे येतं ते बहुतेक आधीच सिद्ध झालेलं असतं. गाजलेल्या सिनेमाचं गाणं, दुसऱ्या कुणीतरी अमर केलेलं नाट्यगीत, इतर स्पर्धांमधून फिरून आलेली संहिता.

यात मुलांचा दोष नाही, शिक्षकांचाही नाही. स्पर्धेचा स्वभावच तसा आहे. परीक्षकाला तुलना करायची असते आणि तुलनेसाठी ओळखीचं काहीतरी लागतं. दहा मुलींनी तेच गाणं म्हटलं तर कुणाचा सूर पक्का ते सांगता येतं. अकरावीने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं, तर तिला कुठे बसवायचं हे परीक्षकालाही कळत नाही. अशा वेळी शहाणे पालक मुलीला सांगतात, पुढच्या वर्षी आशाताईंचं एखादं बसव. स्पर्धेने आवाज घडतात, शरीरं घडतात, धिटाई येते. नवी कृती घडायला मात्र वेगळी सोय लागते, आणि ती सोय काय असते हे मराठी समाजाला चांगलं माहीत आहे.

दिवाळी अंकच पाहा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या वर्षाला एक तारीख मिळाली. त्यानंतर कितीतरी कथा केवळ संपादकाचं पत्र आलं म्हणून, आणि दिवाळीच्या आत द्यायच्या म्हणून लिहिल्या गेल्या. प्रतिभा तारखेची वाट पाहत बसते असं मी म्हणत नाही. पण कुणीतरी नवं लिखाण मागतो आहे, ते अमुक दिवशी छापलं जाणार आहे आणि ते वाचणारी घरं ठरलेली आहेत, हे माहीत असलं की लेखक खुर्चीत बसतो. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मेळ्यांनीही हेच केलं. दरवर्षी नवी पदं हवीत असा लोकांचाच आग्रह असे, त्यामुळे पदं रचणारे तयार झाले. वसईच्या ख्रिस्ती समाजात नाताळ अंकांची परंपरा आहे. गावागावांतून निघणाऱ्या त्या अंकांनी इथे लिहिते हात घडवले. ‘सुवार्ता’ मासिक दीर्घकाळ संपादित करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सिसिलिया कार्व्हालो, सायमन मार्टिन यांच्यासारखे लेखक-कवी याच मातीतले. लेखनाच्या बाबतीत वसईने मागणी निर्माण केली आणि लेखक आले. रंगमंचावर अजून तशी मागणी झालेली नाही.

रंगमंचावर ते कसं घडतं हे पाहायचं तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीपासून थेट होळीपर्यंत. गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, किंवा मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या दिवशी गावातलं मंडळ नाटक लावतं आणि आसपासच्या गावांतून पाहुणे येतात. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं ठाणं. हंगाम जवळ आला की तिथे नव्या नाटकांच्या तालमी सुरू होतात, कारण गेल्या वर्षीचं नाटक घेऊन त्याच गावात जाता येत नाही. प्रेक्षकाला नवं हवं असतं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही नाटकं भडक असतात, लांबतात, असे आक्षेप पुण्या-मुंबईकडून घेतले जातात. असतील. पण लेखक, नट, वादक, पडदे रंगवणारे आणि मंडपवाले यांचं घर ज्यावर चालतं अशी स्थानिक नवनिर्मितीची दुसरी एवढी जिवंत व्यवस्था महाराष्ट्रात मला दिसत नाही. तिच्यामागे सरकारी योजना नव्हती. गावाने नवं नाटक मागितलं आणि त्याचं तिकीट काढलं, एवढंच.

आता वसईकडे परत येऊ. आपल्याकडे कच्चा माल किती आहे याची आपल्यालाच नीट कल्पना नाही. कुपारी समाजाची कादोडी, वाडवळी, कोळी, आगरी, वारली अशा बोली एकाच तालुक्यात ऐकू येतात. अर्नाळा आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यांत एक गाणं आहे, आगाशी-बोळिंजच्या वाड्यांत दुसरं. कुपारी महोत्सवाने लाल लुगडं, लग्नातली गाणी, पदार्थ हे सारं नव्या पिढीपुढे मांडलं, कादोडीतून वार्षिक अंकही निघू लागला. ही मोलाची कामं आहेत. पण जपणूक आणि निर्मिती यांत अंतर आहे. लग्नातलं जुनं गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवणं ही जपणूक झाली. त्याच चालीवर नालासोपाऱ्याच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या कुपारी मुलीचं आजचं गाणं कुणी रचलं, तर ती बोली पुढे जाईल. बोलीत नवं लिहिलं गेलं नाही, तर ती वर्षातून एकदा मंचावर आणण्याची वस्तू होऊन बसते.

आणि आता वसई-विरार फक्त भूमिपुत्रांचं राहिलेलं नाही. चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून २००९ साली महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आलेली माणसं पहाटे विरार लोकल पकडतात आणि रात्री परततात. त्यांची मुलं इथेच वाढली. याच वसई-नालासोपारा भागातून सुरेश मुकुंद आणि वर्नन मोंटेरो यांचा ‘किंग्ज’ हा नृत्यसमूह पुढे आला. त्यांच्या प्रवासावर २०१५ साली ‘एबीसीडी २’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि २०१९ साली त्यांनी अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धा जिंकली. नाचातली त्यांची झेप, एकमेकांच्या खांद्यांवरून हवेत फेकली जाणारी शरीरं, हे कुणाची नक्कल करून साधलेलं नव्हतं. ते नवं काम होतं. जगाला ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसलं. मला प्रश्न पडतो तो पुढच्या मुलांचा. ज्यांच्यापर्यंत टीव्हीचा निवडकर्ता पोहोचणार नाही, त्यांनी नवं काही बसवलं तर ते आपल्याच शहरात दाखवायला त्यांना जागा आहे का?

जागा म्हटली की लगेच मोठ्या नाट्यगृहाची चर्चा सुरू होते. चांगलं नाटक पाहायचं तर वसईकर अजूनही बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा पार्ल्याचं दीनानाथ गाठतो. शहराला सुसज्ज नाट्यगृह हवंच. पण नव्या कामासाठी त्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. ‘आविष्कार’ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं सुरू केली. ते नाट्यगृह नव्हतं, शाळेचा हॉल होता. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्यासारखी माणसं पाठीशी होती आणि काय चालतं याची हमी कुणी मागत नव्हतं. पुढे ‘छबिलदास’ हे एका शाळेचं नाव न उरता एका चळवळीचं नाव झालं. वसई-विरारमध्ये शाळांचे हॉल किती आहेत हे वसईकरांना सांगायला नको. संध्याकाळी सहानंतर त्यांतले बहुतेक कुलपात असतात.

आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मागणारा माणूस. त्याचं उदाहरण आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. वारली चित्रं पूर्वी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाशिणी काढत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर आले आणि यावर काढून द्या म्हणाले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. विधीच्या भिंतीवरून कागदावर आल्यावर त्यांच्या हाताने परंपरेत नसलेली चित्रं काढली. पसरत गेलेलं मासेमारीचं जाळं, गजबजलेली माणसं, रोजचं काम. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हात मशांचेच होते, प्रतिभाही त्यांचीच. पण कुणीतरी कोरा कागद पुढे ठेवला म्हणून तो क्षण आला. महोत्सवाने नेमकं हेच करायचं असतं.

ते करायचं कसं? महोत्सवातली एक संध्याकाळ बक्षिसांविना ठेवावी. त्या संध्याकाळी फक्त पहिले प्रयोग. निवड जुलै-ऑगस्टमध्येच व्हावी आणि निवडलेल्यांना तालमीपुरते पैसे तेव्हाच हातात द्यावेत. खर्च झाल्यावर पावत्या मागणारी मदत कलावंताच्या कामाची नसते, कारण तालमीला येणाऱ्या मुलांचं रिक्षाभाडं आणि चहा-वडापाव त्याच दिवशी द्यावा लागतो. नोकरी करणारे कलावंत विरार लोकलमधून साडेआठ-नऊला उतरतात, म्हणून तालमीला रात्री अकरापर्यंत शाळेचा हॉल मिळावा. प्रयोग झाल्यावर अर्धा तास प्रेक्षकांशी बोलणं ठेवावं. नवं काम पहिल्यांदा कच्चंच असतं, आणि कुठे कंटाळा आला, कुठे डोळ्यांत पाणी आलं हे ओळखीच्या प्रेक्षकाइतकं स्पष्टपणे दुसरं कुणी सांगत नाही.

आणि प्रयोग तेवढ्यावर थांबू नये. एकदा दाखवून संपलेलं काम नाहीसंच होतं. पापडी, आगाशी, नायगाव, नालासोपारा पूर्व, विरार फुलपाडा, निर्मळच्या यात्रेचे दिवस, चर्चचे सण, गणपती आणि नवरात्राचे मंडप, इतकी तयार ठिकाणं आणि जमलेली गर्दी आपल्याकडे आहे. झाडीपट्टीला जे शंकरपट देतो, ते वसईला हे सण देऊ शकतात. मंडळं वाद्यवृंदावर आणि डीजेवर जेवढा खर्च करतात, त्याचा लहानसा भाग एका स्थानिक नाटकाला द्यावा.

यावर एक आक्षेप येईल. नव्या कामाला गर्दी होत नाही, आणि गर्दी झाली नाही तर प्रायोजक पुढच्या वर्षी येत नाही. खरं आहे. १९४७ साली एडिनबरोच्या मोठ्या महोत्सवाला आठ नाटकमंडळ्या आमंत्रणाशिवाय आल्या आणि बाजूच्या जागांत प्रयोग केले. आज त्या बाजूच्या प्रयोगांचा महोत्सव, ‘फ्रिंज’, जगातल्या सर्वांत मोठ्या कलामहोत्सवांत गणला जातो. पण एवढ्या दूरच्या यशाचा दाखला नसता तरी माझं म्हणणं बदललं नसतं. सेलिब्रिटीच्या उद्घाटनाला जमणारी गर्दी वसईची खरी, पण ती वसईला पाहायला आलेली नसते. पहिल्या प्रयोगाला साठ माणसं आली तरी ती आपल्या गावातल्या माणसाने काय रचलं हे पाहायला आलेली असतात.

तेव्हा आयोजकांना विनंती आहे, येत्या कार्यक्रमपत्रिकेत ‘पहिला प्रयोग’ अशी एक ओळ छापा. शाळांच्या विश्वस्तांनी हॉलच्या किल्ल्या द्याव्यात. आणि वाचकहो, ती ओळ तुम्हाला दिसली तर त्या संध्याकाळी बोरिवलीची गाडी पकडू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन तिथे जा, तिकीट असेल तर पूर्ण पैसे देऊन काढा, आणि प्रयोगानंतर थांबून त्या मुलांशी बोला.