गीता ३.१२ : सेवा की वेठ?



आज चिंतनाला गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला बारावा श्लोक. बऱ्याच जणांना पाठ असेल. यज्ञाच्या चक्रातून जे मिळतं ते भोगायचं आणि ज्यांच्याकडून मिळालं त्यांना काहीच परत द्यायचं नाही, अशा माणसाला भगवंत तिथे सरळ चोर म्हणतात. गंमत बघा, या चोराने कुणाचं कुलूप फोडलेलं नाही, कुणाच्या खिशात हात घातलेला नाही. त्याने फक्त घेतलं आणि चक्र स्वतःपाशी थांबवलं. तेवढ्यावर तो चोर ठरला.

हल्ली हा श्लोक मला ऑफिसात जास्त आठवतो. आपण लॉगिन करतो तेव्हा फरशी पुसलेली असते, टॉयलेट स्वच्छ असतं, कचऱ्याचे डबे रिकामे असतात. हे करणारी माणसं बहुतेक वेळा आपल्या कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात. कंपनी एजन्सीला कंत्राट देते, एजन्सी कधी पोटकंत्राटदाराला देते, आणि तो मुकादमाकडून माणसं आणतो. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं कापलं जातं. शेवटच्या पायरीवर काय उरलं, ते वरच्या मजल्यावरून दिसत नाही.

प्रत्येक सफाई कामगार गुलाम आहे असं मुळीच नाही. पण गुलामी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड येतात, तिथेच फसगत होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जबरी श्रम ओळखायच्या ११ खुणा दिल्या आहेत. पगार अडकवून ठेवणं, ओळखीची कागदपत्रं काढून घेणं, उचलीच्या कर्जात बांधून ठेवणं या त्यांतल्याच. २०२१ साली जगात कुठल्याही एका दिवशी सुमारे २ कोटी ७६ लाख माणसं जबरी श्रमात होती, असा या संघटनेचा अंदाज आहे.

आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी हाऊसकीपिंगचं कंत्राट नव्याने द्यायचं होतं. तीन कोटेशन आली, त्यातलं एक फारच स्वस्त. मीटिंगमध्ये मी म्हटलं, एवढ्यात किमान वेतन तरी निघतं का ते बघूया. त्यावर एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अरे, त्यांना कुणी बळजबरी केलीय का? नाही परवडलं तर सोडून जातील."

काकांचा प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता, आणि तो सोपाही नाही. स्वतःहून कमी पैशात राबायला तयार झालेल्या माणसावर कुणी बळजबरी केली?

याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिलं आहे. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. ठरलेली मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ती जमादारांच्या हातात जायची, ते माणशी १ रुपया कमिशन कापायचे आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडायचे. न्या. भगवतींच्या खंडपीठाने म्हटलं की बळ म्हणजे फक्त दंडुका नाही. भूक आणि गरिबी माणसापुढे दुसरा रस्ताच ठेवत नाही, तेव्हा तेही बळच. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हे संविधानाच्या कलम २३ प्रमाणे जबरी श्रमच ठरतं. त्याच कलमात 'बेगार' हा शब्द आहे. आपली 'वेठबिगार' तीच.

एका रुपयासाठी सर्वोच्च न्यायालय एवढं थांबलं. आपण किती थांबतो?

आपल्या भक्तिमार्गात झाडूला फार मान आहे. जनाबाईसोबत विठ्ठल झाडलोट करतो ही कथा आपण प्रेमाने सांगतो. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. त्यामुळे सफाई करणाऱ्याला "तुम्ही मोठी सेवा करता" म्हणणं आपल्याला सोपं जातं. पण बाबांच्या हातातला झाडू त्यांनी स्वतः उचलला होता, आणि तो कधी खाली ठेवायचा हेही तेच ठरवत. ज्याचं आधार कार्ड मुकादमाकडे आहे आणि दोन महिन्यांचा पगार अडकलाय, त्याला झाडू खाली ठेवता येत नाही. त्याच्या कामाला 'सेवा' म्हणणं म्हणजे वेठीला गंध लावणं.

मग करायचं काय? इंजिनिअर माणूस, मी आधी हिशोब मांडतो. लागू असलेलं किमान वेतन घ्या. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, ईएसआयसी ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३ टक्के. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बदली माणसाचा पगार धरा. याला माणसांच्या संख्येने गुणा. फिनाईल, मशीन आणि एजन्सीचा नफा अजून बाकीच आहे. कोटेशन या आकड्याच्याही खाली असेल, तर फरक कुणीतरी भरतंय, आणि तो एजन्सीचा मालक नक्कीच नाही.

ऑफिसात असाल तर हेही माहीत असू द्या : कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. "तो एजन्सीचा विषय आहे" हे उत्तर कायद्यालाही चालत नाही.

साखळी इथे संपत नाही. रबरी हातमोज्यांचंच घ्या. मलेशियातल्या एका मोठ्या उत्पादकाचा माल अमेरिकेने २०२० मध्ये जबरी श्रमाच्या कारणावरून अडवला. परदेशातून आलेल्या कामगारांनी नोकरीसाठी एजंटांना भरलेली भरती-फी हा त्यातला मोठा मुद्दा होता, कारण त्या कर्जाने माणूस बांधला जातो. कंपनीने कामगारांना ती फी परत केली आणि २०२१ मध्ये बंदी उठली. म्हणजे घेणाऱ्याने विचारलं, की चक्र फिरू शकतं.

आमच्या मीटिंगमध्ये मी तो हिशोब बोर्डावर मांडला. स्वस्तवाल्या एजन्सीने तपशील द्यायला नकार दिला. दुसऱ्या एजन्सीने पगार थेट बँकेत जमा करून दर महिन्याला पीएफची पावती दाखवायचं मान्य केलं. दर फ्लॅटमागे १४० रुपये वाढले. काकांनी विरोधात मत दिलं, तरी ठराव पास झाला. ते अजूनही म्हणतात की हे आपलं काम नव्हतं. मला वाटतं, आपण घेतो तिथे परत देणंही आपलंच काम असतं.

आजचा संकल्प छोटा आहे. आपल्या मजल्यावर सफाई करणाऱ्या दादांना किंवा मावशींना नावाने हाक मारा. ओळख वाढली की सहज विचारा, पगार वेळेवर येतो ना, कागदपत्रं तुमच्याकडेच आहेत ना. चारचौघांत नको, आणि उत्तर 'नाही' आलं तर मुकादमाला जाऊन त्यांचं नाव सांगू नका, त्यांचीच नोकरी जाईल. सगळ्यांच्या वतीने ॲडमिनकडे पगाराचा आणि पीएफचा तपशील मागा.

रामकृष्ण हरी.