पडदा कोणासाठी?

न्यू जर्सीत आपली बेने इस्रायल मंडळी विखुरलेली. पार्सिपनीत कोणाच्या घरी सणावारी चार कुटुंबे जमली, की जेवणे आटोपल्यावर बोलणे हटकून एकाच विषयावर येते. मुले वरच्या खोलीत आपापले फोन घेऊन बसलेली असतात आणि खाली आईबाप दबल्या आवाजात एकमेकांना विचारीत असतात, "ही काय बघत असतील?" लोद, अश्दोद किंवा ठाण्याच्या वाचकांच्या घरी याहून निराळे चालत असेल असे आम्हाला वाटत नाही. त्या प्रश्नात काळजी असते, भीती असते आणि बरीचशी लाजही असते. या तिन्ही गोष्टींना आपण एकच समजतो आणि तेथेच घोटाळा होतो, असे आमचे मत आहे.

आम्ही जन्मभर परिचारिकेचे काम केले, प्रथम मुंबईत आणि नंतर येथे. जनरल वॉर्डात रोग्याचे अंग पुसायचे असले किंवा बेडपॅन द्यायचे असले, की पलंगाभोवती पडद्याची चौकट ओढून घ्यावी, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकविले गेले. त्या चौकटीला मुंबईत सर्वजण 'स्क्रीन' म्हणत. (हल्ली ज्या वस्तूची आपण धास्ती घेतली आहे तिचेही नाव तेच, ही एक गंमतच.) शरीर घाणेरडे असते म्हणून काही ती लावीत नसत. ते शरीर त्या रोग्याचे असते आणि ते कोणी पाहावे हे त्याने ठरवायचे असते, म्हणून लावीत. त्या पडद्याआड एकोणीस-वीस वर्षांच्या वयात आम्ही जे जे पाहिले, त्याने आमच्यापैकी कोणी बिघडली नाही. तेव्हा नुसते पाहिल्याने माणूस बिघडते हे आम्हाला कधीच पटलेले नाही.

'अश्लील' हा शब्द आपल्या महाराष्ट्राने फार सैल हाताने वापरला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषांची शरीरे यांविषयी ते सरळ लिहीत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि दंड झाला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही निकाल विरुद्धच गेला. कर्व्यांनी मात्र १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक सोडले नाही. पुढे 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली, तिच्यावरील खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक निर्दोष ठरले. एवढा सगळा खटाटोप चालू असताना तसली मासिके घरोघर गादीखाली असत आणि ती तेथे आहेत हे प्रत्येक मुलाला ठाऊक असे.

या लपवाछपवीची खरी किंमत आम्ही मुलांच्या वॉर्डात पाहिली. सात-आठ वर्षांची मुले कोठे दुखते हे सांगू शकत नसत, कारण घरात त्या अवयवाला नावच नसे. 'शूची जागा' एवढ्यावर भागवायचे. कोणी काही केले का, असे विचारले तर मूल आईकडे बघे आणि आई खाली बघे. आता येथे आमच्या नातवंडांच्या वयाची मुले शाळेत इंग्रजीतून सगळी नावे शिकतात. आजीजवळ मात्र अजून तीच 'शूची जागा'. म्हणजे घडू नये ते घडलेच, तर आजीला सांगायला त्यांच्याजवळ भाषा नाही आणि ऐकायला आजीजवळ शब्द नाहीत.

कायद्याने काय होते तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९९६ साली इंटरनेटवरील असभ्य मजकुरापासून मुलांना वाचविण्यासाठी केलेल्या कायद्यातील मुख्य कलमे सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केली. २००० च्या कायद्याने, ज्या शाळांना व वाचनालयांना इंटरनेटसाठी केंद्राची सवलत हवी त्यांना गाळणी बसविणे भाग पडले. पण गाळणी वाचनालयात आणि फोन खिशात. पुष्कळ आईबाप समजतात की १३ वर्षे पुरी झाली म्हणजे सरकारच्या मते मूल शहाणे झाले. तसे मुळीच नाही. १९९८ च्या कायद्यातले ते तेरावे वर्ष, त्याखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून कंपन्यांनी गोळा करू नये, एवढ्यापुरते आहे. आपल्या बार मिट्झवाशी त्याचा काडीचा संबंध नाही. २०२५ च्या जूनमध्ये टेक्सासचा वय-पडताळणीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केली. दाराला कडी असावी, हे आम्हाला मान्य आहे. मात्र ज्या प्रकाराने आमची झोप उडविली तो कडीने थांबला नसता.

पार्सिपनीहून मोटारीने पाऊण तासाच्या आत असलेल्या वेस्टफील्डच्या हायस्कुलात २०२३ च्या ऑक्टोबरात उघडकीस आले, की काही मुलांनी आपल्याच शाळेतील मुलींच्या साध्या छायाचित्रांवरून कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने त्यांची नग्न चित्रे तयार केली आणि ती एकमेकांना दाखविली. तेथे मुलांनी वाईट काही पाहिले एवढेच झाले नाही. त्यांनी ते स्वतः बनविले. चित्र खोटे असले तरी चेहरा खरा होता, नाव खरे होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसायचे होते तेही खरे होते. आमच्या वॉर्डाच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी पडदा ओढून काढला आणि आत नसलेले माणूस तेथे निजविले.

म्हणून मुलांनी तसले चित्रपट पाहिले तर बिघडले कोठे, असे मात्र कोणी आमच्या तोंडी घालू नये. दहा वर्षांचे मूल जेव्हा एखाद्या बाईला लाकडाच्या ओंडक्यासारखे हाताळलेले पाहते, तेव्हा त्याच्या मनावर बसते ते हे, की कोणाचे शरीर पाहण्यापूर्वी विचारावे लागत नाही. उघड्या शरीराची आम्हाला भीती नाही. न विचारण्याची आहे.

आणि हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. हल्ली मुलाच्या फोनमध्ये त्याच्या नकळत हेराचे साधन घालून त्याचे सारे निरोप आईबापांना वाचता येतात. आमच्या परिचयातील काहींनी ते घातले आहे. लहान मुलाचा फोन रात्री आपल्याजवळ ठेवावा, तो आपण पाहणार हे त्याला आधी सांगून पाहावा, यात गैर काही नाही. चोरून वाचणे वेगळे. विचारल्यावाचून पाहू नये हे ज्याला शिकवायचे, त्याचेच विचारल्यावाचून पाहायचे? मुलाच्या जिवाला धोका आहे असे दिसले तर गोष्ट निराळी. इस्पितळातही रोग्याचे गुपित तेवढ्याच कारणासाठी मोडता येत असे. परंतु रोजचा संशय म्हणजे जिवाचा धोका नव्हे.

मुलांना सांगून ठेवण्याजोगी माहिती आहे. अठरा वर्षांखालील कोणाचे असे चित्र पसरले तर 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन' या संस्थेची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे. तेथे चित्र पाठवावे लागत नाही, त्याचा केवळ आकड्यांतला ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून चित्र शोधून काढून टाकतात. न्यू जर्सीत २ एप्रिल २०२५ पासून गैरहेतूने असली बनावट चित्रे करणे व पसरविणे हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील केंद्रीय कायद्याने, तक्रार आल्यावर ४८ तासांत चित्र काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि त्या तयारीसाठी त्यांना एका वर्षाची मुदत दिली. इस्रायलमधील वाचकांनी १०५ हा क्रमांक मुलांना पाठ करवून घ्यावा, भारतात १०९८.

वेस्टफील्डच्या बातमीवर आपल्या मंडळींत जी चर्चा आम्ही ऐकली तिचा सूर एकच होता, की मुलींनी आपले फोटो टाकूच नयेत. सासरमाहेरचे जुने वळण इतक्या दूर येऊनही सुटत नाही! चित्रे करणारी मुले कोणाची, हे कोणी विचारले नाही. ती चांगल्या घरांतली, अभ्यासू, आईच्या हातचा डबा नेणारी असू शकतात. आपल्यापैकी किती जणांनी मुलाला शेजारी बसवून विचारले, की तुझ्या फोनवर असे चित्र आले तर तू काय करशील?

आमच्या एका भाच्याने विचारले. मुलगा चौदा वर्षांचा. तो पुष्कळ वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बाबा, एक आले होते." ती मुलगी कोण हे त्याला ठाऊक होते. भाच्याने त्याच रात्री तिच्या आईवडिलांना फोन केला.